डॉटसाठी सोबत

३ ऑगस्ट, रविवार, सकाळ
माझी बायको ग्लेनिस मॅकाय शहरात बहिणीकडे, विल्माकडे गेली त्याला आज नऊ आठवडे झाले. जाताना दोन म्हणाली होती. विल्माचा गुडघा दुखतो. गुडघ्यांना वेळ लागतो.
डॉट मात्र खात नाही. डॉट म्हणजे ग्लेनिसची शंखातली खेकडी. अकरा वर्षं आमच्या बैठकीत काचेच्या पेटीत आहे. कालची सफरचंदाची फोड तशीच. निदान: एकटेपणा. उपाय: जोडीदार. एका आठवड्यात दोघांची गट्टी जमवायची. ग्लेनिस आली की पेटीत दोन! खूश होईल.
बोवेन गावच्या आंबे भरायच्या शेडमध्ये तीस वर्षं सुपरवायझर होतो. नवी माणसं जुन्यांत मिसळवणं हेच काम. हे तर खेकडे.

५ ऑगस्ट, मंगळवार
खेकडा आणला. मोठा, रुबाबदार. नाव कर्नल. दुकानातली बर्नाडेट फार बोलते. म्हणे, "अहो, तीन आठवडे वेगळा ठेवा. मग दोघांना एकाच खाऱ्या पाण्यात आंघोळ घाला, म्हणजे वास सारखा होईल. आणि चार-पाच रिकामे मोठे शंख पेटीत टाकाच, नाहीतर हा तिचा ओढून घेईल."
मान डोलावली. शंख घेतले नाहीत. दोघांकडे एकेक आहे. एका वेळी किती घरांत राहणार?

७ ऑगस्ट, गुरुवार
तीन आठवडे फारच झाले. शेडमध्ये आम्ही नव्या माणसाला अर्धा दिवस द्यायचो. कर्नलला दोन दिवस दिले, आंघोळही घातली (त्याला एकट्याला, डॉट शंखातून बाहेर येईना). दुपारी पेटीत सोडला. सरळ जाऊन डॉटच्या पाठीवर चढला. पहिल्याच भेटीत एवढी जवळीक!
ग्लेनिसचा फोन. डॉट जेवते का, विचारलं. म्हटलं, मजेत आहे. मग म्हणाली, "क्लाइव्ह, आपल्याला जरा बोलायला हवं." म्हटलं, आवाज तुटतोय. आवाज तसा स्वच्छ होता.

८ ऑगस्ट, शुक्रवार
पेटीतून टकटक. कर्नल आपला शंख डॉटच्या शंखावर आपटतो. खेळकर आहे.
शेजारची नोएला शिडी परत द्यायला आली. पेटीपाशी वाकून म्हणाली, "अरे क्लाइव्ह, तो तिला घराबाहेर काढतोय!" मी म्हटलं, तू कधी माणसं सांभाळली नाहीस. तर म्हणते, "तू सांभाळलीस ना? मग ग्लेनिस कुठाय?" वर सांगते, विल्माचा नाचतानाचा फोटो पाहिला, शनिवारचा.
गुडघ्याला व्यायाम लागतोच.

१० ऑगस्ट, रविवार
डॉट उघडी पडली.
सकाळी पाहिलं तर कर्नल तिच्या शंखात ऐटीत बसलेला. त्याचा जुना शंख बाजूला, आणि ती पाण्याच्या ताटलीमागे. मागचा भाग गुलाबी, मऊ, वळलेला. केवढीशी आहे ती! अकरा वर्षांत कधी पाहिलीच नव्हती अशी.
त्याचा जुना शंख पुढे सरकवला. त्याची कड फुटकी, ती हात लावीना. बाटलीचं झाकण दिलं. अंड्याचा कप दिला. दुकान बंद. किनाऱ्यावर गेलो, दोन तास वाकून अकरा शंख आणले. सहांना भोकं, पाचांत कोणीतरी राहतंय. ते परत नेऊन ठेवले. आलो तर ती हलतही नव्हती. पेटीसमोर बसून "डॉट, डॉट" म्हणत होतो. दुसरं काय करणार?
मग न्हाणीघराच्या खिडकीतला शंख आठवला. गोल तोंडाचा. लग्नानंतर मॅग्नेटिक बेटावर गेलो तेव्हा ग्लेनिसने वेचलेला. उकळला, गार केला, ठेवला. वीस मिनिटं काही नाही. मग एक पाय. मग सगळी आत.
डोळ्यांत वाळू गेली होती.

१२ ऑगस्ट, मंगळवार
ग्लेनिसला फोन केला, सगळं सांगितलं. शंखाचंही. ती म्हणाली, "रविवारी येते."
येते! योजना फळली. मार्ग थोडा वेगळा, एवढंच. शुक्रवारपर्यंत घर स्वच्छ. निळा शर्ट इस्त्री. लॅमिंग्टन केक सहा.

१७ ऑगस्ट, रविवार, दुपार
आली. विल्मा गाडीतच बसून राहिली. ग्लेनिसच्या हातात प्लॅस्टिकचा डबा.
अर्धा तास पेटीपाशी बसली. डॉटने तिच्या हातून सफरचंद खाल्लं. माझ्या हातून एकदाही नाही. नवा शंख पाहून म्हणाली, "शोभतो तिला." मग चहा घेताना सांगितलं: मॅकायला दोन खोल्यांची जागा घेतली आहे, जूनपासूनच. "फोनवर किती वेळा सांगायला गेले, क्लाइव्ह. तुझा आवाज तुटायचा."
डॉटला न्यायला आली होती.
म्हटलं, आणि कर्नल? आता कुठे दोघांचं जमत होतं.
तिने पेटीत पाहिलं. म्हणाली, "त्यालाही नेते. बिचाऱ्याला इथे एकटं कसं ठेवायचं?"
डब्याच्या झाकणाला भोकं नव्हती. मीच पाडली. आठ.