हावरीच्या पोटात

३ फेब्रुवारी, सोमवार

वरची खोली भाड्यानं गेली, तीन आठवड्यांसाठी. फिनिक्सहून सरकारी माणूस आलाय — टोबायस रेनक्विस्ट. तिशीचा, सभ्य, बूट दाराबाहेर काढतो. काम काय ते मी कॉफी ओतता ओतता काढून घेतलंच. जुन्या खाणींची तोंडं बुजवत हिंडतात हे लोक. आता आमच्या हावरीची पाळी!

घरामागच्या दोनशे अकरा पायऱ्या चढल्या की कुंपण, आणि कुंपणाच्या आत ती. खाण बंद पडून चाळीस वर्षं होतील, पण आमच्या सान फर्मिन गावानं तिला उपाशी ठेवलं नाही. घरात जे नको ते हावरीत. वरून दगड टाकला तर पडल्याचा आवाज येत नाही, म्हणून तिला तळच नाही अशी सगळ्यांची खात्री.

तळ आहे म्हणे! बुजवण्याआधी आत कॅमेरा सोडणार, वटवाघळं आहेत का बघायला. सातशे फूट.

५ फेब्रुवारी

बातमी गावभर व्हायला एक दिवस लागला. (मीच केली.) आज चौघं येऊन गेले. एक साखर मागायला, एक माझ्या गुडघ्याची चौकशी करायला — माझ्या गुडघ्याची गेली दहा वर्षं कोणाला पडली नव्हती. उठता उठता प्रत्येकाचा प्रश्न तोच. कॅमेऱ्याला नक्की किती दिसतं?

मी सांगते, सगळं दिसतं. रंगसुद्धा. मग ते परत बसतात आणि बोलायला लागतात. इतकी मजा कित्येक वर्षांत आली नव्हती!

७ फेब्रुवारी

प्रुडेन्सियो येस्कास, वय ब्याऐंशी. सासूची पायपेटी हावरीत ढकलली, १९९१ साली. बायकोला सांगितलं, डग्लसच्या चर्चला दिली. आता पंचाईत अशी की बायको दर ईस्टरला डग्लसला जाते, तिथली पेटी ऐकते आणि आईच्या आठवणीनं रडते. तिला काय सांगू, असं मला विचारत होता. मी म्हटलं, रडू दे, तिचं चाललंय ते बरं आहे.

विल्मा टॅकेट, जुन्या वस्तूंच्या दुकानवाली. नवऱ्यानं भिंतीवर लावलेली हरणांची अकरा मुंडकी. चोरीला गेली म्हणून सांगितलं. नवऱ्याचा संशय शेजाऱ्यावर, वीस वर्षं बोलत नाही त्याच्याशी. विल्मा सांगताना हसत होती. मीही हसले, मग उगाच भांडी घासायला उठले.

आमचे जुने हेडमास्तर बॅस्कम. एका वर्षीचे गणिताचे सगळे पेपर, न तपासलेले! मार्क अंदाजानं दिले. कोणतं वर्ष ते मी विचारलं. माझंच. मला बी ग्रेड मिळाली होती आणि अपानं, माझ्या वडिलांनी, गावभर सांगितलं होतं.

९ फेब्रुवारी, रविवार

आज कोणी आलं नाही. चर्चमध्ये सगळे एकमेकांकडे तिरके बघत होते.

११ फेब्रुवारी

जेवताना टोबायसनं सांगितलं ते लिहून ठेवते. आज दुकानात त्याला एक म्हातारा भेटला. उंच, पूर्वी शाळेची बस चालवायचा. डेल्फिनोच — माझा भाऊ. टोबायसला ते नातं माहीत नाही आणि मी सांगितलं नाही.

टोबायस म्हणाला, "सगळे विचारतात, काय काय दिसणार. हा पहिलाच माणूस, ज्याला काहीतरी दिसायला हवंय. ट्रम्पेट दिसलं तर सांगा म्हणाला."

मी विचारलं, कशाला. तर म्हणे, वडिलांनी फेकलं होतं, पण त्यांचं मन झालंच कसं, हे इतक्या वर्षांत पटलेलं नाही. एकदा डोळ्यांनी बघितलं की विषय संपला.

बीन्स तशाच राहिल्या ताटात.

१२ फेब्रुवारी

सगळ्यांचं चवीनं लिहिलं. आता माझं.

ट्रम्पेट मी फेकलं.

जुलै ८३. संपाला तीन आठवडे झाले होते. मी संपाच्या स्वयंपाकघरात रोज दोनशे माणसांच्या टॉर्टिया लाटत होते. अपाच्या छातीत खाणीची धूळ बसलेली, तरी तो रोज फाटकाशी उभा राही. आणि माझा भाऊ पोलिसांच्या बंदोबस्तात त्याच फाटकातून आत कामावर गेला! संपफोड्या. बायकांनी माझ्या तोंडावर विचारलं, तुमच्याच घरातला ना? त्याला बाळ होणार होतं, हे खरं आहे. तेव्हा मला ते ऐकायचं नव्हतं.

तेव्हा तो आमच्याच घरात राहायचा; शनिवारी दुपारी खिडकीत बसून ट्रम्पेट वाजवत होता. काही झालंच नाही असा! पंधराव्या वाढदिवसाला अपानं दिलेलं ट्रम्पेट. सोमवारी तो कामावर गेला आणि मी ते उचललं, पायऱ्या चढले आणि टाकलं. आवाज आला नाही.

संध्याकाळी डेल्फिनो घरी येऊन ओरडला. त्याला वाटलं अपानंच केलं, कारण दोनच दिवसांपूर्वी अपा सगळ्यांदेखत बोलला होता, तुला दिलेलं सगळं परत घेईन. अपानं एकदा माझ्याकडे बघितलं. माझ्या चपला लाल मातीनं भरलेल्या होत्या. मग त्याच्याकडे वळून म्हणाला, "हो. मीच."

दोन वर्षांत खाणच बंद झाली. संप करणारे आणि फोडणारे सगळे एका रांगेत घरी बसले. पुढच्या वर्षी अपा गेला. डेल्फिनो मातीला आला नाही. तो का आला नाही हे माहीत असलेली गावात एकटी मी, आणि त्याच्या दारात उभं राहून चार लोकांत त्याला निर्लज्ज म्हणणारीही मीच.

हे आजवर कुठं लिहिलं नव्हतं.

१४ फेब्रुवारी

टोबायसला सहज विचारल्यासारखं विचारलं, पितळ खाणीतल्या पाण्यात किती वर्षं टिकतं. म्हणाला, आपल्या दोघांपेक्षा जास्त.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

कॅमेरा सोडला. कामगार संघटनेच्या जुन्या हॉलमध्ये पडदा लावला होता. अख्खं गाव घरून खुर्च्या घेऊन आलं, कोणी पॉपकॉर्नही आणलं. डेल्फिनो मागे बसला. त्याच्या दोन्ही बाजूंना रिकामी जागा. फाटक ओलांडलेल्या माणसाशेजारी इथं अजून कोणी बसत नाही.

ऐंशी फुटांवर टायर. दोनशेवर तुटक्या लाकडात अडकलेलं हरणाचं मुंडकं, सरळ आमच्याकडे बघणारं! विल्माचा नवरा उभाच राहिला. तीनशे दहावर पायपेटीच्या पट्ट्या. हॉलमध्ये हसून हसून पुरेवाट, प्रुडेन्सियोची बायको सोडून. मला मात्र प्रत्येक चकाकणाऱ्या वस्तूला घाम फुटत होता. एक तर पाण्याचा नळ निघाला.

चारशे साठवर कचऱ्याचा डोंगर अडकलेला. तिथून खाली कॅमेरा जाईना. बराच वेळ खटपट केली, मग टोबायसनं दिवे लावले. वटवाघळं नाहीत. सोमवारी सिमेंट ओतणार.

माझा जीव भांड्यात पडला, खोटं कशाला लिहू! वाचले.

खुर्ची घडी करून दाराशी आले तर डेल्फिनो टोपी हातात घेऊन उभा. माझ्याकडे बघून म्हणाला, "फारच खोल टाकलंन म्हाताऱ्यानं."

चिडून नाही म्हणाला. थकून म्हणाला.

१९ फेब्रुवारी

कॉफी तीनदा केली आणि तीनदा ओतून दिली.

२० फेब्रुवारी

गेले. ओढ्यापलीकडे त्याचं घर. माझ्या खिडकीतून त्याचं स्वयंपाकघर रोज दिसतं, पण आत पाऊल टाकलं ते आज. एकटाच असतो. भिंतीवर मुलाचा फोटो, बायकोचा फोटो. अपाचा नाही. बसलेच नाही, बसले असते तर बोलता आलं नसतं. उभ्यानंच सांगितलं, ट्रम्पेट मी टाकलं, अपानं नाही.

तो ओरडेल असं वाटलं होतं. तो टेबलावरचं मिठाचं भांडं इकडून तिकडे सरकवत राहिला. मग एवढंच विचारलं, "त्याला माहीत होतं?"

हो म्हटलं. माझ्या चपला त्यानं बघितल्या होत्या.

"आणि तरी मीच म्हणाला?"

हो.

"मी तीन वर्षं त्याच्याशी बोललो नाही, लिंडा. समोरून खोकत जायचा आणि मी खिडकी लावून घ्यायचो."

मी माफी मागितली. मला जे जे सुचलं ते सगळं बोलले. त्यानं उठून दार उघडलं आणि मी बाहेर जाईपर्यंत ते धरून उभा राहिला.

२३ फेब्रुवारी, रविवार

फुलं घेऊन अपाच्या थडग्यावर गेले. डेल्फिनो आधीच तिथं होता, घडीची खुर्ची टाकून. गवत उपटलेलं, दगड धुतलेला. मी जवळ जाऊन उभी राहिले. माझ्याकडे न बघता तो म्हणाला, "चाळीस वर्षं तू बसलीस इथं. आता मला बसू दे."

फुलं घेऊन तशीच घरी आले.