भिंतीकडे तोंड केलेली पाटी

३ फेब्रुवारी, मंगळवार

आठाचा बी! शून्याचा ओ! आणि याला म्हणे अचूक नोंद.

आज सगळ्यांच्या मोबाईलमध्ये ते नवीन ॲप टाकून दिलं. पंप असो, मोटर असो, तिच्या पाटीचा फोटो काढायचा. ॲप पाटीवरची अक्षरं वाचतं आणि कंपनी, मॉडेल, क्रमांक, क्षमता हे रकाने आपोआप भरतं. मोठे साहेब सगळ्यांसमोर मला म्हणाले, "चला, तुमचा त्रास वाचला." माझा त्रास! पाणीपुरवठ्याच्या एकेका पंपघरात गुडघ्यावर बसून मी पाट्या वाचल्या आहेत. इंग्रजी मला शाळेने शिकवलं नाही, पाट्यांनी शिकवलं. गंज असेल तर ओलं फडकं, ठसे झिजले असतील तर खडू. तेवढ्याने नाही भागलं तर टॉर्च तिरका धरायचा — बाजूने उजेड पडला की मेलेली अक्षरंही उठून बसतात. माझ्या नोंदीवरून मागवलेला सुटा भाग कधी परत गेलेला नाही.

ॲपच्या चुका दाखवल्या तर साहेब म्हणाले, "शिकेल हो ते हळूहळू."

घरी आलो. ही खुर्चीत, सकाळी बसवली होती तशीच. झटक्याने उजवं अंग गेलं, वाचा गेली, त्याला चौथा महिना लागला. मांडीवर फळी, फळीवर कागद, डाव्या हातात पेन्सिल. कागदावर रेघोट्या. कालच्यासारख्याच.

५ फेब्रुवारी, गुरुवार

थेरपीवाल्या बाई येऊन गेल्या. पत्त्यांएवढी कार्डं, त्यावर बारीक रेघांची चित्रं — छत्री, किल्ली, मांजर, कप. "काकू, छत्री दाखवा." हिने हात सगळ्या कार्डांवरून फिरवला आणि किल्लीवर ठेवला. मांजर विचारलं तर कप. मग कार्डं ढकलून दिली आणि हात डोळ्यांशी नेला, चोळत बसली. आताशा हेच चालतं.

बाई दाराशी हळूच म्हणाल्या, "काका, बोलणं जाणं वेगळं. पण समजणंच गेलं असेल तर..."

सोडला रकाना रिकामा.

नंतर जाऊन डोळ्यांचे थेंब आणले. तीन वेळा घालायचे आहेत. वेळ चुकू देणार नाही.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

थेंब घातले. गालांवरून ओघळले. रडतेय की थेंबच आहेत, काही कळायला मार्ग नाही.

९ फेब्रुवारी, सोमवार

आज तिच्यावर ओरडलो.

कागदाच्या उजव्या टोकाकडून सुरुवात करते. आणि कागद सरळ धरून पाहिला तर डावीकडे एक उभी काठी, तिच्यामागून गाठी. आधी काना आणि मागून अक्षर! असं अक्षर मराठीत नाही. कुठल्याच भाषेत नसेल. मी तिचा हात हातात घेतला आणि 'क' गिरवून घेतला. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा तिने हात सोडवून घेतला आणि परत तीच काठी, त्याच गाठी. "अगं, नीट काढ की!" — शेजारपर्यंत गेला असेल आवाज. तिने पेन्सिल खाली टाकली. मी उचलून दिली नाही. नंतर दिली.

मग एक वेडेपणा केला. तिच्या कागदाचा फोटो काढून ॲपला दिला. जरा वेळ गोल गोल फिरलं आणि रकाना भरला — क्षमता: १ एचपी.

हसलो. एकटाच. बराच वेळ.

या ॲपला 'माहीत नाही' म्हणता येत नाही. काहीतरी ठोकून देतं. याला शिव्या देणारा मी कोण? मीही तेच करत आलो. तिने पाणी मागितलं असेल म्हणून पाणी, गरम होत असेल म्हणून पंखा. डोळे चोळते म्हणून थेंब.

पूर्वी म्हणायची, "अहो, एक दिवस माझ्याही पाठीवर नंबर शोधत बसाल तुम्ही." शोधतोय ना. सापडत नाही.

११ फेब्रुवारी, बुधवार

मेहुणा आला होता. तिच्यादेखतच बोलला, कपाटाविषयी बोलावं तसं. "भावोजी, ताईला काही कळत नाही आणि तुम्हाला ते कळत नाही, एवढाच काय तो फरक. सेवागृहात जागा झाली आहे. तिथे बायका आहेत बघायला. तुम्ही दिवसभर पंपांमागे, ही भिंतीकडे बघत."

"मी बघतो तिचं," म्हणालो.

"काय बघता? जरा स्वतःकडे तरी बघा!"

तेवढ्यात हिने फळीवरचा कागद डाव्या हाताने त्याच्यापुढे सरकवला. त्याने घडी केली आणि चहाचा कप त्यावर ठेवला. टेबलावर डाग पडू नये म्हणून. तिने ते पाहिलं. मीही पाहिलं, कप उचलला नाही. भावाला सगळं येतं, फक्त कागद कशासाठी असतो ते येत नाही — आणि मला?

ठरलं असं, की शनिवारी बाई एकदा शेवटची कार्डं दाखवतील. ओळखली तर ही घरी. नाहीतर पुढच्या बुधवारी सेवागृह.

१४ फेब्रुवारी, शनिवार

एकही नाही.

मेहुण्याला फोन करून हो म्हणालो. "शहाणपणा केलात," म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा मला कुणी शहाणा म्हटलं आणि ते यासाठी.

१५ फेब्रुवारी, रविवार

तिची बॅग भरायला घेतली. चार साड्या, गाऊन, कंगवा, थेंबांची बाटली. मला बॅग भरताना पाहत होती. मग कागद ओढला. काठी, गाठी. त्याखाली परत काठी, गाठी. पान भरलं तरी थांबेना. शेवटी पेन्सिलीचं टोक मोडलं. मी ते करून दिलं नाही. देवाशपथ, दमलो.

१६ फेब्रुवारी, सोमवार

टेकडीमागचं पंपघर. तिथल्या मोटरी बसवणाऱ्याला काय अवदसा आठवली होती कोण जाणे, सगळ्यांच्या पाट्या भिंतीकडे तोंड करून. मध्ये वीतभर फट. मी नेहमी काठीला लावलेला गोल आरसा फटीत सारतो आणि आरशात वाचतो. उलटं दिसतं, पण मला अडत नाही. सवय आहे. त्या पंपघरातल्या नोंदी माझ्याशिवाय कुणाला जमत नाहीत.

पण आता साहेबांना फोटोच हवा. आरशातल्या पाटीचा फोटो काढून दिला, तर ॲपने अशी काही अक्षरं ओकली की विचारू नका. मी तिथेच मोबाईलला शिव्या घालायला लागलो. पंपावरचा ऑपरेटर हसायला लागला.

"अहो, आरशातला फोटो आहे, त्या बिचाऱ्याला काय कळणार? उलटा करून द्या की! हे बघा, हे बटण. सेल्फीत माझा खिसा उजवीकडे जातो तेव्हा मी हेच दाबतो. नाहीतर बायको विचारते, कुणाचा शर्ट घालून आलास!"

दाबलं. फोटो कुशीवर वळल्यासारखा फिरला आणि ॲपने पाटी घडाघडा वाचली. एकही आठ चुकला नाही. म्हणजे आता आरसा वाचायलाही माझी गरज नाही.

बाकीच्या मोटरींचे फोटो काढून आणलेत. उलटे करायचं काम घरी.

बॅग दाराशी आहे. परवा सकाळी मेहुणा गाडी घेऊन येणार.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी फोटो उलटे करत होतो, एकामागून एक. अंगठा चुकून मागे सरकला आणि तिच्या कागदाचा फोटो आला — तो, एक एचपीवाला. सवयीने बटण दाबलं गेलं.

काठी उजवीकडे गेली. ॲपला दिलाच नाही. मीच वाचलं.

चष्मा.

शिवताना तेवढा लावायची. कपाटात होता, दवाखान्याने परत दिलेल्या पिशवीत, तिच्या बांगड्यांबरोबर. पिशवीला गाठ मीच मारली होती.

तिला घातला. तिने कॉलरला धरून मला जवळ ओढलं, नीट पाहिलं. मग भलत्याच काजात गेलेली माझ्या शर्टाची बटणं डाव्या हाताने एकेक सोडवायला लागली.