आबांना चालवणारा ठेका

२ फेब्रुवारी, रविवार
अडतिसाव्या वर्षी ड्रमच्या क्लासला गेले! उल्हासनगरात, कापडाच्या दुकानावरचा माळा. बाकी सगळी शाळकरी पोरं. एकीनं विचारलं, "आंटी, आपका बेटा किधर है?"
शिकवणाऱ्या लछू सरांना खरं ते सांगितलं. माझ्या वडिलांना, आबांना, कंपवात आहे, चालताना पाय जमिनीला चिकटतात. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ताल ऐकवा, पाऊल सुटतं. मोबाइलवर टिकटिक लावली, तर आबा भडकले — "बाँब लावलास का गं? बंद कर ते!" मग म्हटलं, आपणच शिकू.
सर हसले नाहीत. "पैले हाथ ढीला छोड, बेटी."

५ फेब्रुवारी
हात एक सांगतो, पाय दुसरंच करतो. हे सगळे अवयव माझेच ना?

११ फेब्रुवारी
काठी घट्ट धरली की आवाज मरतो. सैल सोडली की आपणहून उडते. मग वाजवतं कोण — मी की ती? ऑफिसात डब्याच्या झाकणावर हेच करून बघत होते. शेजारच्या टेबलावरून प्राची ओरडली, "माया, बिलं राहिलीत!"

१६ फेब्रुवारी
सरावाचा रबरी पॅड घरी आणला. आबा खुर्चीतून उठले, मी वाजवायला लागले — आणि पाऊल सुटलं!
पण मी खुळी, त्यांच्या पायांकडे बघत राहिले. आमच्या गल्लीची सवयच ती. जयंतीच्या मिरवणुकीत वाजवणारा नाचणाऱ्यांचे पाय बघतो, ते जोरात आले की लय वाढवतो. आबांची पावलं बारीक, घाईची झाली. मीही वाढवली. ते आणखी घाईत — आणि कपाटावर आदळले. कपाळाला हे एवढं टेंगूळ.
आई म्हणाली, "त्यांना नाचवायचं नाय माया, चालवायचंय!"
रडू आलं.

२३ फेब्रुवारी
सर म्हणाले, "वो तेरे पीछे चलेगा. तू उसके पीछे क्यूँ भागती है?" भिंतीकडे तोंड करून वाजवायचं म्हणे. म्हणजे आबा पडले तरी मला दिसणार नाही!

४ मार्च
पॅड दिसला की आबा डोळे मिटून घेतात. आई म्हणते, राहू दे आता.

९ मार्च
आज बसले भिंतीकडे तोंड करून. मागे आईनं आबांचा हात धरलेला. चपला घासल्याचा आवाज. थांबला. पुन्हा सुरू. वळून बघायची इतकी इच्छा झाली की मान दुखायला लागली!
शेवटी आबाच म्हणाले, "बास. खिडकी आली."

२ एप्रिल
ऑफिसातून लवकर आले. आई बाजारात. आबा गॅलरीत उभे — एकटे!
"कोणी आणलं?"
"माझा मीच आलो. तुझा ठेका म्हणत आलो तोंडातल्या तोंडात."
किती आनंद झाला! आणि, खोटं कशाला लिहू, थोडा रागही आला. आता माझं काय काम?

६ एप्रिल, रविवार
तरी क्लासला गेलेच. सर म्हणाले, "पापा के लिए आज क्या?" म्हटलं, "आज मेरे लिए." काठ्या हातात घेतल्या — आणि काय वाजवावं तेच सुचेना!