साडेआठची रिंग

प्रिय शेफाली,

हे पत्र तुझ्या सासरी पाठवलेलं नाही, तेवढी अक्कल मला आहे. दीक्षाताईंकडे देतोय. एआरटी सेंटरवर गोळ्या न्यायला आलीस की त्या तुझ्या हातात ठेवतील. त्यांनी पाकीट उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाल्या, "प्रेमपत्र असेल तर ऐक, मी समुपदेशक आहे, पोस्टमन नाही." मी म्हटलं, ताई, प्रेमपत्रं लग्नाआधीच फाडून झाली. फोनवर मी दुसऱ्या वाक्याला भडकतो आणि तू फोन ठेवतेस. कागदावर तुला मला मध्येच तोडता येत नाही, म्हणून लिहितोय.

कॉलेजला परत जाणार का, असं मागे विचारलं होतंस. नाही. होस्टेलवरच्या त्या शहाण्याने माझ्या एचआयव्हीच्या गोळ्यांच्या बाटलीचा फोटो वर्गाच्या ग्रुपवर टाकला, मी त्याच्या कानाखाली वाजवली, आणि माफी कुणी मागायची, तर म्हणे मी. ओळखपत्र टेबलावर टाकून निघालो तो निघालोच. आता लोकांची बिर्याणी घेऊन गावभर हिंडतो. त्यांना फक्त ती गार झाल्याचा राग येतो, माझ्या रक्ताशी त्यांना काही देणंघेणं नाही. तू म्हणशील, शिक्षण वाया घालवलंस. म्हण. तू ओरडलीस की मला अजून बरं वाटतं, हे केदारला सांगू नकोस. किंवा सांग. लग्नाआधी तू त्याला सगळं सांगितलंस आणि तरी तो थांबला, यासाठी मी त्याला मानतो. आवडत नाही, पण मानतो.

सार्थक जाऊन वर्ष होत आलं. खडकवासल्याचं ते शिबिर आठवतं? दीक्षाताई 'स्वतःची काळजी' यावर बोलत होत्या आणि आपण तिघं मागे बसून खिदळत होतो. बाकीच्यांना आईकडून नाक मिळतं, डोळे मिळतात, आपल्याला बघ काय मिळालं, असं सार्थक म्हणाला आणि तू त्याच्या पाठीत धपाटा घातलास. रिंगचा नियम त्याच दिवशी त्यानेच काढला. रात्री साडेआठला त्याने गोळी घ्यायची आणि मला रिंग द्यायची, मग तू घेऊन मला, मग मी घेऊन तुम्हा दोघांना. कुणी उचलायचं नाही. रिंग आली म्हणजे गोळी पोटात गेली. तो नियम आपण देवासारखा पाळला. रिंग कधीच चुकली नाही, त्याचीसुद्धा. बारीक का झालास विचारलं तर जिम लावलीय म्हणायचा. खोकल्याला पुण्यातली धूळ. मग त्याच्या शकूमावशीने पलंगाखालून बाटल्या ओढून काढल्या. सेंटरवरून दर महिन्याला नेमाने आणलेल्या, सील न फोडलेल्या.

शेवटी हॉस्पिटलात त्याने मला कारण सांगितलं होतं, तुला मी कधी बोललो नाही. म्हणाला, "पियुष, मला एकदा नुसतं जेवून झोपणारा माणूस होऊन बघायचं होतं. मग दुसऱ्या दिवशीही वाटलं. मग लाज वाटायला लागली, म्हणून रिंग देत राहिलो."

ही गोष्टही तुला माहीत नाही. त्याच्या नंबरवरून मला अजून रिंग येते. पहिल्यांदा आली तेव्हा मी लकडी पुलावर होतो. गाडी कडेला घेतली आणि स्क्रीनवरचा त्याचा बोरं खातानाचा फोटो बघत राहिलो. मागून सगळे शिव्या देत होते. शकूमावशी देते. भेटायला गेलो तर म्हणाली, "तो हे एवढं मात्र रोज करायचा रे. तुझी वाट बघायची सवय मोडायला नको." रिंगचा अर्थ तिला माहीत नाही, मी काय सांगणार? तिने वाढवलेल्या पोराने ती रिंग महिनोन्महिने खोटी दिली होती, हे? फोन वाजतो, मी त्याचा चेहरा बघतो आणि गोळी गिळतो. सिग्नलला शेजारच्या गाडीवर कधीकधी तोच बसलेला असतो. हिरवा लागला की दुसराच कुणीतरी असतो.

तुझी रिंग त्याच्यानंतर येते. लग्नानंतर तू बंद करशील असं वाटलं होतं, तू केली नाहीस. त्या एका रिंगवर मी रोज किती इमले बांधतो ते सोड.

परवा कसबा पेठेत ऑर्डर होती. बांगड्यांच्या दुकानासमोर तू नणंदेबरोबर उभी होतीस. हाक मारणार होतो. तेवढ्यात तू फोन काढलास आणि माझ्या खिशात रिंग वाजली. फोन पर्समध्ये टाकून तू पुन्हा हिरव्या बांगड्या हातावर धरून बघायला लागलीस. मी थांबलो. गोळी निघेल, पाण्याची बाटली निघेल. काही निघालं नाही. दुकानातल्या उजेडात तुझ्या गळ्याची हाडं दिसली, आणि मी ती आधी बघितली आहेत, शेफाली, दुसऱ्याच्या गळ्याखाली. घरात सासूबाईंना माहीत नाही, लपवून लपवून गोळी गिळायचा वीट आला असेल. मला कळतं. मला सोडून कुणाला कळणार? म्हणून हे पत्र. आज दीक्षाताईंसमोर बसून सगळं खरं सांग, त्या रक्त तपासायला लावतील, गोळ्या बदलायच्या तर डॉक्टर बदलतील, कुणी ओरडणार नाही. घरी केदारला समोर बसव आणि त्याच्या देखत गोळी घे. हे वाक्य लिहायला मला दोन दिवस लागले. आणि तो नसेल त्या दिवशी मला रिंग देऊ नकोस, फोन कर, मी उचलेन. तू बोलू नकोस, मीही बोलणार नाही. तू पाणी प्यायलेलं ऐकू आलं की ठेवून देईन.

केदारने वाचलं तरी हरकत नसलेला, तुझाच,
पियुष