उभ्या गाडीचं इंजिन

दादा,

गाडी सिग्नलला बंद पडते म्हणून तुझी कुरकुर चालली होती, तर सकाळी तू घोरत असताना मी ती गॅरेजला नेऊन आणली. किल्ली फ्रिजवर आहे. बाबांना गोळी दिली आहे, तू त्यांची कूस तेवढी बदल. मी कामावर पळते.

गाडी नुसती उभी होती, तरी इंजिनाच्या वेगाचा काटा खालीवर नाचत होता. मेकॅनिकने इंजिनात हवा जाते तो भाग उघडून दाखवला. आत तव्याच्या बुडासारखी काजळी. ती साफ केल्यावर काटा शहाण्यासारखा एका जागी थांबला. तो म्हणाला, "ताई, ही पळून खराब झालेली नाही. कोणीतरी गाडी उभी करून तासन्‌तास इंजिन चालू ठेवतं." मी म्हटलं, आमच्याकडे कोण ठेवणार?

थांब, बाबा हाक मारतायत.

आले. पाणी हवं होतं, मग नको झालं.

तर, तू सांगतोस तेवढी गर्दी रस्त्यात रोज नसते. तू खाली पार्किंगमध्ये बसून राहतोस, वर यायचा धीर होईपर्यंत. मी रागावले नाही. म्हणजे गॅरेजपासून घरापर्यंत रागावले होते.

उद्या ऑफिसातून आल्यावर बसावंसं वाटलं तर बस, फक्त इंजिन बंद कर आणि मला फोन कर. मी खाली येऊन शेजारी बसेन. बाबांना दहा मिनिटं एकटं ठेवता येतं. मी ठेवून पाहिलंय.