अडीच हजारांचे ढेकूण

बिरवाडी, रविवार संध्याकाळ

दिवसभर ढेकणांचाच हिशोब. महाडचा फवारणीवाला खोलीचे अडीच हजार सांगतो. दुकानातली बाटली दीडशेला, पण घरात रांगतं बाळ, ती नकोच. मग अडीच हजार? जिवावर आलं होतं.

शेजारच्या वहिनींना कळू नये म्हणून मी गादीसुद्धा दार लावून झटकत होते. आज त्यांनीच हळूच विचारलं, "तुज्याकडं ढेकूण हायत का गो?"

मी लाजत हो म्हटलं.

"आमच्याकडं पण हायत! सांगायची लाज वाटत होती."

दोघी पोट धरून हसलो. लगेच फवारणीवाल्याला फोन केला. दोन्ही खोल्या एकदम केल्या तर तीन हजारांत करतो म्हणाला. एका घराला दीड हजार! मी खूश.

वहिनी उठताना म्हणाल्या, "कुणाचे कुणाकडं गेले, ते आता इचारू नको!"