शोवा चौदाचं वर्तमानपत्र

प्रिय तामिए,

एवढं जाड पाकीट पाहून तुला नवल वाटलं असेल. पंधरा वर्षांत मी तुला नववर्षाच्या छापील कार्डापलीकडे काही पाठवलं नाही. लाज वाटत होती, आणि लाज लपवायला कामाचं निमित्त फार सोयीचं पडतं. आमच्या संग्रहालयात अडीच लाख वाळवलेली झाडं आहेत. निमित्त कधी कमी पडलं नाही.

कॉलेजात असताना तुमच्या घरी पहिल्यांदा आले, तेव्हा तुझ्या बाबांनी मला चहाच्याही आधी डोंगरावर नेलं होतं. गुडघे टेकून त्यांनी कानआओइच्या बुटक्या रोपाची पानं बाजूला केली आणि मातीला चिकटून बसलेलं काळपट जांभळं फूल दाखवलं. "एवढ्या लांबून आलीस आणि याच्यापुढे वाकली नाहीस, तर आज जेवण नाही," म्हणाले. तू मागून वैतागलीस, "बाबा, तिचे मोजे भिजलेत, सोडा आता तिला." गावात नवे मास्तर असताना त्यांनी हेच झाड वाळवून विद्यापीठातल्या वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांना पाठवलं होतं, आणि शोवा बारामध्ये, म्हणजे शोवा सम्राटांच्या बाराव्या वर्षी, त्याचं शास्त्रीय नाव छापून आलं. बाबांनी ते स्वतः पाटीवर लिहून देवळाच्या पायऱ्यांपाशी लावलं होतं. रात्री बोनितो माशावर यूझूचं लिंबू पिळत त्यांनी ती सगळी गोष्ट मला दोनदा सांगितली, आणि तू दोन्ही वेळा डोळे फिरवलेस.

प्राध्यापकांनी नाव दिलं, पण ते नेमक्या कोणत्या नमुन्यावरून दिलं, हे लिहून ठेवलं नाही. पुढे लक्षात आलं की आपल्या तोसा प्रांतातल्या दोन डोंगरांवरची झाडं दिसायला सारखी असली तरी जात वेगळी. नाव मात्र एकच. ते कुणाचं, हे ठरवायचं तर नाव देण्याआधी प्राध्यापकांच्या हाताखालून गेलेल्या जुन्या नमुन्यांतला एक निवडून तसं छापायचं. मग जगाने ते मानायचं. पंधरा वर्षांपूर्वी हे काम माझ्याकडे आलं. कपाटात दोन नमुने निघाले, दोन्हींवर प्राध्यापकांच्या हातचं ते नाव. एक बाबांचा. दुसरा पलीकडच्या डोंगरावरचा, आमच्या इनागाकी सरांनी विद्यार्थी असताना आणलेला. त्यावर तारीख नव्हती.

सर मला काही बोलले नाहीत, असं मी स्वतःलाच सांगत आले. खरं तर दारातून जाताजाता म्हणाले होते, "खेड्यातल्या मास्तरांचे नमुने जरा भाबडे असतात. बघा, तुमचं तुम्ही ठरवा." एप्रिलमध्ये माझी नोकरी कायम व्हायची होती आणि कागदावर सही त्यांची लागणार होती.

आमच्याकडे कितीतरी झाडं ज्या वर्तमानपत्रात दाबली, त्यातच वर्षानुवर्षं पडून असतात. सरांचंही तसंच होतं. जाड कागदावर चिकटवायला मी ते उचललं, आणि खालच्या पानावर तारीख दिसली: शोवा चौदा. नाव छापून दोन वर्षं झाल्यानंतरची. म्हणजे नाव दिलं गेलं तेव्हा हे झाड डोंगरावरच उभं होतं. वर्तमानपत्र मागाहून बदललं असेल, अशी मनाची समजूत घालून पाहिली. पण ओल्या पानांचे तपकिरी डाग कागदावर उतरले होते, आणि झाडाचं पान न् पान त्या डागांवर बरोबर बसत होतं. मी झाड चिकटवलं, वर्तमानपत्र घडी करून खणात टाकलं आणि सरांचा नमुना निवडला.

नाव पलीकडच्या डोंगराकडे गेलं. तुमचं झाड बिननावाचं झालं. बाबांनी स्वतःच पाटीचे खिळे उपटले, हे तू फोनवर सांगितलंस, आणि वर म्हणालीस, "बाबा म्हणतात, फुसाकोने पाहिलंय ना, मग बरोबरच असणार." मी म्हटलं, नियमच तसा आहे. तामिए, इतकी हलकट मी त्याआधी कधी झाले नव्हते. सरांना जाऊन सहा वर्षं झाली, म्हणजे त्यांची भीतीही उरली नव्हती. तरी मी गप्प राहिले. माझ्या नावावरचा एक शोधनिबंध खोटा ठरू नये, एवढ्यासाठी.

या वर्षीच्या तुझ्या कार्डाखाली बाबांनी चार ओळी लिहिल्या आहेत. तू वाचल्या होत्यास की नाही, कोण जाणे. "चुकीचं झाड पाठवून मी प्राध्यापकांना आणि तुम्हा सगळ्यांना घोळात टाकलं, माफ करावं. माझा नमुना कपाटात जागा अडवत असेल, तर टाकून द्यावा." ऐंशी वर्षांचा माणूस माझ्या खोटेपणाबद्दल माझीच माफी मागतो आहे. सोबत आमच्या संशोधन-पत्रिकेचा ताजा अंक आहे. त्यात वर्तमानपत्राचा फोटो आहे, आणि ती तारीख मी त्याच दिवशी पाहिली होती, हेही माझ्या नावानिशी छापलं आहे. नाव आता बाबांच्या नमुन्याचं आहे, कायमचं. अंक त्यांना वाचून दाखव. मी माफी मागितली असं सांगू नकोस, ते लगेच माफ करून मोकळे होतील. एवढंच सांग, की त्यांचं झाड बरोबर होतं.

तू नाही म्हणेपर्यंत तुझीच,
फुसाको